शेळीपालनाची सोपी मार्गदर्शिका (बोकडासकट)

ही मार्गदर्शिका तीन प्रकारच्या वाचकांसाठी आहे: ज्यांनी नोकरी सोडली आहे ते, ज्यांची सुटणार आहे ते, आणि ज्यांनी सोडायचं ठरवलंय पण घरी अजून सांगितलेलं नाही ते. अहिल्यानगर जिल्ह्याच्या चौदाही तालुक्यांत ती चालेल. अकोल्यात पावसाळ्यात जरा भिजेल, जामखेडला उन्हाळ्यात वाळेल, एवढाच फरक.

आधी जनावर ठरवा

पुण्या-मुंबईकडे हल्ली फेरेट पाळायची टूम आली आहे. लांबुडकं, मऊ, मुंगसाच्या अंगकाठीचं जनावर. व्हिडिओत फार गोड दिसतं. ते नगरला आणण्याआधी दोन गोष्टी ऐकून घ्या. पारा तिशीच्या वर गेला की फेरेटला सोसवत नाही, आणि आपला मे महिना चाळिशी ओलांडतो. म्हणजे उन्हाळाभर ते एसीत आणि तुम्ही ओट्यावर. दुसरं असं की फेरेटची मादी माजावर आली आणि नर मिळाला नाही, तर तिचा माज सहसा आपोआप उतरत नाही. तो लांबत जातो, शरीरात रक्त तयार होणं मंदावतं आणि शेवटी मादी दगावते. म्हणून जाणती माणसं पैदास करायची नसेल तर आधीच तिची व्यवस्था करतात. बाकीचे फोटो काढतात. ‘मग आपलं मुंगूस काय वाईट’ असा विचार मनात आलाच, तर 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा काढून वाचा. मुंगूस पाळणं हा सरळ गुन्हा आहे.

शेळीचं तसं काही नाही. ती दर 18 ते 21 दिवसांनी माजावर येते, ओरडून सगळ्या आळीला कळवते आणि दीड दिवसात विषय मिटवते. शिवाय आपल्या जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या नावाने ओळखली जाणारी जात आपल्या दारात आहे: संगमनेरी. नगर, नाशिक, पुणे हा तिचा मूळ पट्टा. रंगाने बहुधा पांढरी, कधी तपकिरी किंवा काळे डाग, कान लोंबते, शिंगं मागे वळलेली. दूधही देते आणि अंगही धरते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात तिच्यावर वर्षानुवर्षं काम झालं आहे. पण नवशिक्याला संगमनेरी पटत नाही, कारण ती शेजाऱ्याकडेही असते. त्याला आफ्रिकेची बोअर हवी, राजस्थानची सिरोही हवी, पंजाबची बीटल हवी. थोडक्यात, जिचं भाडं शेळीच्या किमतीइतकं पडेल अशी कुठलीही हवी. ज्याला इथल्या शेळीचा माज ओळखता येत नाही, त्याने परराज्यातली शेळी आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. परराज्यातली शेळी आली की तिची सर्दीही सोबत येते.

मग हिशेब करा, आणि फाडून टाका

नवशिक्याचा हिशेब एक्सेलमध्ये असतो. 10 शेळ्या, प्रत्येकीला वर्षातून दोन वेळा जुळी, म्हणजे वर्षाला 40 करडं. त्यातल्या 20 पाठी पुढच्या वर्षी व्यायल्या की शंभर पार. पाचव्या वर्षी फॉर्च्युनर. या हिशेबात चूक एकच आहे: तो शेळीला दाखवलेला नाही.

शेळी गाभण राहिली की पाच महिने जातात. व्याल्यावर दोन-तीन महिने तिला अंग भरून यायला लागतात. उत्तम सांभाळलेली शेळी दोन वर्षांत तीन वेतं देते, वर्षाला दोन नाही. वेताला सरासरी दीड करडू धरलं, तर 10 शेळ्यांची वर्षाला 22-23 करडं होतात. त्यातली निम्मी बोकडं. काही करडं पहिल्याच पावसाळ्यात जातात. किती जातात ते तुमच्या गोठ्यावर अवलंबून, आणि गोठ्याचा विषय पुढे आहे. एक-दोन शेळ्या उलटतातच, म्हणजे गाभण राहत नाहीत. एवढं सगळं वजा केल्यावर जे उरतं त्यात घर चालतं, फॉर्च्युनर चालत नाही.

सरकारी योजनेत 10 शेळ्यांमागे 1 बोकड असतो. राष्ट्रीय पशुधन अभियानात 100 शेळ्यांमागे 5 बोकड, आणि तिथून 500 शेळ्यांपर्यंत वर. अर्धं अनुदान मिळतं म्हणून एकदम पाचशेचा अर्ज भरणारे लोक आहेत. तीन शेळ्या वर्षभर सांभाळल्याखेरीज पाचशेचा विचार करू नका. त्या वर्षात तुम्हाला पहाटे तीन वाजता उठता येतं की नाही, तेही कळेल.

खरेदी

बाजारात जाऊ नका, असं सांगायला हवं. पण तुम्ही जाणारच. तेव्हा निदान तोंड उघडून बघा. शेळीचं, तुमचं नाही. खालच्या जबड्यात पुढे दुधाचे बारीक दात असतील तर अदात, म्हणजे साधारण वर्षाच्या आतली. मधले दोन रुंद दात आले की दोन दाती, दीड वर्षाच्या आसपास. पुढे चार दाती, सहा दाती, मग पूर्ण जुळलेली. दात झिजून फटी पडल्या असतील तर ती आजी आहे. तिचं वय विचारू नका, किंमत विचारा आणि पुढे व्हा.

कास टम्म फुगलेली दिसली की नवशिका पाघळतो. व्यापारी आदल्या दिवसापासून दूध काढत नाही, त्याची ती करामत असते. पोट भरगच्च दिसावं म्हणून मीठ चारून भरपूर पाणी पाजतात. घरी पोचेपर्यंत तीनेक किलो वजन वाटेतच सांडतं. कास हाताने दाबून बघा: मऊ हवी, गाठ नको, दोन्ही सड सारखे हवेत. शेपटी उचलून बघा. बूड लेंडीने बरबटलेलं असेल तर हगवण आहे. सगळ्यात बरं म्हणजे एखाद्या पाळणाऱ्याच्या दारातून घ्या, तिथे शेळीची आईही बांधलेली असते. घरी आणल्यावर पंधरा-वीस दिवस वेगळी बांधा. नवी शेळी पहिल्याच संध्याकाळी सगळ्यांच्या गव्हाणीला लावणं म्हणजे परगावच्या पाहुण्याला थेट स्वयंपाकघरात झोपवणं.

गोठा

खरी मजा इथे आहे. नवशिका आधी गोठा बांधतो आणि त्याचं उद्घाटन करतो. फीत, नारळ, आमदारांच्या हस्ते, कोपऱ्यात फ्लेक्स. आत चकचकीत कोबा, किंवा शहाबादी फरशी. शेळीला उद्घाटनाचं काही वाटत नाही, पण फरशीचं वाटतं. मूत जिरायला जागा नाही, पाय घसरतो, थंडीत फरशी गार पडते आणि करडं न्यूमोनियाने जातात. त्यापेक्षा मुरुमाची जमीन घाला, थोडी उंच, बाहेरच्या बाजूला उतार देऊन. वर्ष-दोन वर्षांनी वरचा थर उकरून शेतात टाकायचा आणि नवा मुरूम भरायचा, खतही झालं.

लांबी पूर्व-पश्चिम ठेवा. मोठ्या शेळीला 10 ते 12 चौरस फूट छपराखाली, त्याच्या दुप्पट मोकळी जागा बाहेर. करडांसाठी वेगळा कप्पा, गाभण शेळ्यांसाठी वेगळा, बोकडासाठी सगळ्यात लांबचा. भिंती वरपर्यंत बांधू नका. कमरेपर्यंत वीट, वर जाळी. पावसाळ्यात पडदे सोडायचे, पण पूर्ण कोंडायचं नाही. थंडीपेक्षा कोंदटपणाने जास्त करडं मरतात, हे नवशिक्याला सांगून पटत नाही, कारण तो स्वतः गोधडीत झोपतो.

गोठा चांगला आहे की नाही, याची एक परीक्षा आहे आणि तिला इंजिनिअर लागत नाही. पहाटे सहाला, साफसफाईच्या आधी आत जा. उभं राहू नका. गुडघे टेका, पार खाली वाका, नाक करडाच्या नाकाच्या उंचीला आणा आणि दोन मिनिटं श्वास घ्या. उभ्या माणसाला ज्याचा पत्ता लागत नाही, तो मुताचा झणझणीत वास तिथे खाली साचलेला असतो. डोळे चुरचुरले, घशात खवखव झाली, तर समजा: तुमचं करडू रात्रभर हेच घेतंय. मग त्याच्या नाकातून शेंबूड का येतो, हे डॉक्टरला विचारायची गरज नाही. टेकलेला गुडघाही बघून घ्या. पँट ओली झाली असेल तर जमीन ओली आहे. चुना भुरभुरा, राख टाका, सकाळ-संध्याकाळ लेंड्या लोटा.

आता बिबट्या. नगर जिल्ह्यात शेळीच्या गोठ्याची मार्गदर्शिका लिहायची आणि बिबट्या वगळायचा, हे जमणार नाही. संगमनेर, राहुरी, अकोले, श्रीरामपूर, नेवासे, जिथे ऊस तिथे तो. उसातच जन्मतो, उसातच वाढतो. अकोले तालुक्यात विद्या अत्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याची विष्ठा तपासून तो काय खातो याचा अभ्यास केला; तो 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या, तरी बिबट्याच्या खाण्यात कुत्र्यांचा वाटा 39 टक्के निघाला आणि शेळ्यांचा 11 टक्के. कारण सांगितलं गेलं ते साधं आहे: शेळ्या रात्री आत असतात, कुत्री बाहेर.

त्यामुळे जाळी वरूनही घाला. नवशिका चारी बाजूंनी उत्तम जाळी मारतो आणि वरून आभाळ मोकळं सोडतो. बिबट्याला आभाळाचं वावडं नाही. दाराखाली वितभर फट ठेवू नका. कडी अशी असावी की शिंगाने ढकलून उघडणार नाही, कारण एखादी शेळी अशी निघते की जिला कडी कळते. राखणीला म्हणून दाराशी कुत्रं साखळीने बांधू नका. वरची टक्केवारी पुन्हा वाचा. ते राखण नाही, ताटात वाढून ठेवणं आहे. एवढं करूनही घात झालाच, तर मेलेली शेळी हलवू नका, ताबडतोब वन खात्याला कळवा आणि पंचनामा होईपर्यंत थांबा. बांधावर नेऊन पुरल्यानंतर भरपाई मागायला गेलेले लोक पुष्कळ आहेत.

चारा

‘शेळी काहीही खाते’ असं म्हणणाऱ्याने शेळी पाळलेली नसते. शेळी काहीही हुंगते. खाते ते निवडून. पायाखाली पडलेला, तुडवलेला, ओला चारा ती मेली तरी खाणार नाही. म्हणून गव्हाण उंचावर हवी, पुढचे पाय न ठेवता येतील अशी.

पूर्वीचा सल्ला असा होता: काठी घ्या, डोंगराला जा. आता डोंगराचंही ऐकावं लागतं. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार या आपल्याच जिल्ह्यातल्या दोन गावांनी चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी केली, तेव्हा त्यांच्या टेकड्यांवर गवत परतलं. मोकळी सोडलेली शेळी कोवळा शेंडा आधी खाते आणि मग ते झाड झुडूपच राहतं. म्हणजे बांधून पाळायची, तर डोंगर तिच्यापुढे आणून टाकायचा. शेवरी, दशरथ घास, लसूण घास, मका, कडवळ, बांधावरची सुबाभूळ. सुबाभूळ थोडीच द्या, सगळं ताट तिचं नको. रोज मोठ्या शेळीला तीन-चार किलो ओला चारा, किलोभर वाळला. वाळल्यात तुरीचं भुसकट, हरभऱ्याचं भुसकट. बाभळीच्या शेंगा मिळाल्या तर सोन्याहून पिवळं. उसाचं वाढं फुकट मिळतं म्हणून रोज तेच टाकणारे कारखाना भागात खूप. त्यांच्या शेळ्यांची हाडं लांबून मोजता येतात.

एक गोष्ट मात्र सावकाश वाचा. ज्वारी मळणीच्या दिवसांत दावं सुटतं, शेळी राशीत तोंड घालते. किंवा लग्नघरचा उरलेला भात, चपात्या कुणी प्रेमाने पाटीभर आणून ओततं. शेळी मिटक्या मारत खाते. संध्याकाळी कोपऱ्यात जाते, रवंथ करत नाही, दात खाते. डाव्या कुशीवर मूठ दाबली की आत गच्च कणीक भरल्यासारखी लागते; दुसऱ्या दिवशी तिथेच पाणी डुचमळतं. पोटात आम्ल झालं, की शेळीला वाचवायला हातात तासच असतात. अशा वेळी पाणी पाजत बसू नका, खायचा सोडा शोधत डॉक्टरला फोन लावा. आणि मग लग्नघरच्यांना सांगा, पुढच्या वेळी भात गाढवाला घाला.

बोकड

मार्गदर्शिकेच्या नावात ज्याचा उल्लेख कंसात आहे, तो धंद्यात कंसाबाहेर आहे. एक शेळी वर्षात दोन-तीन करडं देते. एक बोकड वीस-पंचवीस शेळ्यांवर असतो, म्हणजे तुमच्या अर्ध्या गोठ्याचं रक्त एकट्या त्याचं. तरी नवशिका शेळ्या पारखून घेतो आणि बोकड ‘घरचाच आहे की’ म्हणून ठेवतो. त्याचं पुढे काय होतं, ते गल्लीतल्या म्हातारीला पहिल्या भेटीत कळतं. तिच्या तीन शेळ्या आहेत, योजना एकही नाही. ती तुमच्या गोठ्यात येते, कमरेवर हात ठेवते.

“ह्यो बोकाड कुणाचा रं?”

“घरचाच, आज्जी.”

“ह्याची आय कंची?”

तुम्ही कौतुकाने शेळी दाखवता.

“आन ही गाभण पाठ?”

“ती याचीच.”

“मंग पोरीचं जमवताना गोत्र तरी कशापायी इचारता रं तुमी?”

तिचं बोलणं झालं. पुस्तकात हेच चार पानांत असतं: जवळच्या रक्तात पैदास झाली की करडं जन्मतः हलकी, मरतुकडी, वाढ खुंटलेली, दूध उतरतं, शेळ्या उलटायला लागतात. आणि हे एकदम होत नाही. दुसऱ्या पिढीत थोडं, तिसऱ्या पिढीत ठळक. तोवर नवशिका पाण्याला, चाऱ्याला, औषधाला आणि वास्तुशास्त्राला दोष देऊन मोकळा झालेला असतो.

तेव्हा बोकड बाहेरचा घ्या. जुळ्यातला घ्या. त्याची आई दुधाला कशी होती ते विचारा. दीड वर्षाचा झाल्याशिवाय कामाला लावू नका. दोन्ही अंड सारखे, मोकळे लोंबते हवेत. एकच दिसत असेल तर तो कितीही देखणा असो, कंदुरीला बरा. त्याच्या मुली वयात यायच्या आत त्याला बदला. दुसऱ्या तालुक्यातल्या पाळणाऱ्याशी अदलाबदल करा. दोघांचेही पैसे वाचतात. धनगरांचा वाडा गावाजवळ उतरला असेल तर तिथे जाऊन बसा. बोकड कसा बघावा हे ते हसत हसत शिकवतील, आणि तुमचा बोकड बघून आणखी हसतील. पुण्यात मेंढी व शेळी विकासाचं एक सरकारी महामंडळ आहे, जातिवंत बोकडांसाठी तिथेही विचारता येतं. चोंडीत जन्मलेल्या ज्या अहिल्यादेवींचं नाव 2024 मध्ये जिल्ह्याला मिळालं, त्यांचं नाव या महामंडळाला आधीपासूनच आहे. मेंढरांच्या खात्याला जिल्ह्याआधी सुचलं, याची नोंद घ्यावी.

नर करडं तीन महिन्यांची झाली की वेगळी करा. ‘लहान आहेत अजून’ असं म्हणू नका. ती लहान नसतात, तुमचं लक्ष नसतं. पाठ मात्र 22-25 किलोची झाल्याशिवाय बोकडाला दाखवायची नाही, कितीही ओरडली तरी. माज कसा ओळखायचा? शेपूट सारखी हलते, खाणं कमी, दुसऱ्या शेळ्यांवर उडते, दर पाच मिनिटांनी मुतते आणि तुम्ही जाल तिथे बघून ओरडते. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर सकाळी. तारीख भिंतीवर कोळशाने लिहा. त्यात पाच महिने मिळवले की तुमची रात्र जागायची तारीख मिळते.

बोकडाच्या वासाबद्दल: होय, तो स्वतःच्याच दाढीवर मुततो. नाही, त्याला धुऊन उपयोग नाही. तुमच्या शर्टाला तो वास लागला की तीन धुण्यांत जात नाही. घरच्यांना नोकरी सोडल्याचं अजून सांगितलं नसेल, तर आता सांगावं लागणार नाही.

वीण आणि लस

शेळी व्यायची वेळ आली की ती कोपरा धरते आणि पुढच्या पायाने जमीन उकरते. बहुतेक वेळा तुमची गरज नसते. लांब उभं राहा. करडू बाहेर आलं की नाका-तोंडातला चिकटा पुसा, नाळ स्वच्छ ब्लेडने कापून आयोडिन लावा, आणि तासाच्या आत चीक पाजा. ‘जार पडल्याशिवाय पाजायचं नाही’ हा सल्ला कुणी दिला, तर त्या माणसाला चहा पाजून बाहेर बसवा.

लसींचं वेळापत्रक दवाखान्यातून घ्या आणि पाळा. आंत्रविषाराची पावसाळ्याच्या तोंडावर, पीपीआरची करडू तीन-चार महिन्यांचं झाल्यावर, जंताचं औषध पावसाळ्याआधी आणि नंतर. लस फुकट किंवा नाममात्र पैशात मिळते, म्हणूनच बहुधा तिच्यावर कुणाचा विश्वास नसतो.

विक्री

अंदाजाने विकू नका, वजनाने विका. व्यापारी शेळी उचलून ‘अठरा भरंल’ म्हणतो, तेव्हा त्याच्या हातातला काटा त्याच्या बाजूला झुकलेला असतो. ताणकाटा विकत घ्या, गोठ्याच्या आढ्याला टांगा. बकरी ईदला, आखाडात, यात्रेच्या दिवसांत भाव चढतो. त्याच्या आठ-दहा महिने आधीचा बोकड हिशेबात ठेवावा लागतो. सगळ्यात चांगली पाठ मात्र विकू नका. गिऱ्हाईक नेमकी तीच मागेल, कारण त्यालाही डोळे आहेत.

आणि घरातल्या मुलांनी बोकडाला नाव ठेवलं असेल, तर व्यापाऱ्याला शाळा सुरू असताना बोलवा.